सुमनताईंची माइक टेस्ट

आज जिन्यात फिनाईलचा वास आला आणि सुमनताई आठवल्या. कोथरूडच्या सोसायटीत जिने पुसायच्या. आमच्या संघटनेच्या सफाई कामगारांवरच्या व्हिडिओसाठी मी त्यांच्या पदराला स्वस्तातला कॉलर माइक लावला आणि आवाज तपासायला विचारलं, “सकाळी काय खाल्लंत?”

“तिसऱ्या मजल्यावर पोहे, चौथ्यावर उपमा. वासानंच पोट भरतं, दादा!” त्या हसल्या, मग बराच वेळ मनातलं बोलत राहिल्या.

“ताई, ही नुसती टेस्ट होती. आता मी लिहिलेल्या पत्रकातलं बोला,” म्हणत मी ते सगळं पुसून टाकलं. आणि आम्ही म्हणे कष्टकऱ्यांचा आवाज!

पुढे ताई वारल्या. आज हेडफोन लावून तो व्हिडिओ तीनदा ऐकला. आवाज त्यांचाच आहे, पण बोलतोय मी एकटाच.