डोळे मिटून लावा म्हणे

मित्रहो, आज आर्णीले गेलतो, आमच्या जुन्या जीपच्या समोरच्या डिस्क अन् ब्रेक पॅड बदलवाले. ह्याच जीपमधून बाया कापूस वेचाले वावरात जातात, अन् रस्त्यात मोठा उतार आहे.

दुकानदारानं दोन सेट समोर ठेवले, एक महाग, एक स्वस्त. मी विचारलं, "फरक काय?"

"फक्त नावाचा. माल सेम आहे भाऊ. स्वस्तवाला डोळे मिटून लावा."

औंदा बियाणंही असंच डोळे मिटून लावलतं. बोंडअळीनं बोंडं आतून खाऊन टाकली.

तरी स्वस्तवाला बसवला. मंग त्याले म्हटलं, "चला, उतारावर ट्रायल घेऊ." दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणे तो, पण मी हटलो नाही. शेवटी बसला.

उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवाच्या आंधीच त्यानं समोरचा दांडा घट्ट धरला अन् डोळे मिटले.

गाडी बरोबर थांबली. तरी मी वापस जाऊन महागवाला सेट बसवून घेतला.

आता जीप अंगणात उभी आहे अन् मी तिच्याकडं पाहून राह्यलो. महागवालाही त्यानंच देल्ला ना? उद्या बाया बसवू का नको, तुम्हीच सांगा.