पांढऱ्या लुगड्यातली कँडिडेट

लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा विषमज्वरानं गेला. मी अठरा वर्षांची होते. निपाणीतल्या आमच्या जैन घराच्या रिवाजानं अंगावर पांढरं लुगडं आलं. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. तंबाखूची वखार सांभाळणाऱ्या आप्पांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण मुलाची पुस्तकं माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले, "पोरी, रडून दिस जायाचं न्हाईत. वाच."

त्यात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. प्रत्येक शब्द कुठून आला, तेही त्यात दिलेलं. दुपारी वखारीत बसून मी तो वाचायची. तंबाखूनं शिंकून शिंकून बेजार व्हायची. चार वर्षांनी मॅट्रिक पास झाले.

मग बेळगावात टिळकवाडीतल्या मुलींच्या शाळेत जागा निघाली. आप्पा मला सर्व्हिस मोटारीनं घेऊन गेले. मुलाखत घ्यायला शाळेचे म्हातारे हेडमास्तर आणि कमिटीवरचे एक वकील बसले होते. प्रश्नांची उत्तरं मी धडाधड दिली. शेवटी वकील म्हणाले, "इंग्रजी उत्तम आहे. पण रोज सकाळी मुलींपुढं हे पांढरं लुगडं? पालक काय म्हणतील?"

माझे कान तापले. मी विचारलं, "साहेब, तुमच्या कागदावर मला काय म्हटलंय?"

"कँडिडेट."

"म्हणजे?"

"उमेदवार. दुसरं काय?"

"हा आजचा अर्थ. मूळ लॅटिन शब्द कँडिडस, म्हणजे पांढरंशुभ्र. जुन्या रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस आपलं वस्त्र खडूनं घासून आणखी पांढरं करायचा आणि मगच लोकांपुढं जायचा. त्या वस्त्रावरनं त्याला हे नाव पडलं. बाहेर बाकावर आणखी सहा उमेदवार बसलेत. शब्दाला धरून आलेय ती मी एकटीच."

हेडमास्तरांनी उठून कपाटातला कोश काढला, चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक वकिलांपुढं सरकवलं. वकिलांनी ते दोनदा वाचलं.

"बाई," ते म्हणाले, "मी स्वतः निवडणुकीला उभा राहिलोय. पण हे मला ठाऊक नव्हतं. माझा आक्षेप मी मागं घेतो."

"सोमवारपासून या," हेडमास्तर म्हणाले. "पाचवीचं इंग्रजी तुमच्याकडं."

आप्पा फाटकाशी उभे होते. "काय झालं गं?"

"आप्पा, नोकरी लागली!"

डोक्याचा फेटा सोडून त्यांनी उगाच पुन्हा बांधला. परतताना मात्र त्यांनी मला मोटारीत सगळ्यांत पुढं बसवलं आणि संकेश्वर येईतो मोटारभर सांगून झालं, "आमची सून हाय! बेळगावात मास्तरीण झालीया! इंग्रजी शिकवनार!" अनोळखी माणसं वळून वळून मला नमस्कार करत होती, आणि मीही मान वर करून तो घेत होते.

निपाणीत गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी सासूबाईंना हाक दिली, "साखर काढ गं! वाटीभर न्हाई, परातभर!"