गुलाबी मेण

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, कचेरीतल्या कुणाला तर नाहीच. लातूरच्या प्रदर्शनात ज्या फोटोवरून एका माणसाचा सगळ्यांदेखत पाणउतारा झाला, त्या फोटोतली गांधीलमाशी मी मारली होती. त्यांनी नाही.

त्यांना सगळे उस्ताद म्हणत. तुम्ही त्यांच्यासमोर एखादा फोटो धरलात की ते आधी तुमच्याकडे बघायचे, मग खिशातलं भिंग डोळ्याला लावायचे, फोटोवर नखाने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "कवळी."

म्हणजे खोटं. दात नव्हे, दातासारखं काहीतरी.

हा शब्द त्यांच्या धंद्यातला. नांदेडच्या जुन्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, बोळात त्यांचं छोटं दुकान होतं. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि उस्ताद कवळ्या करून द्यायचे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे दात दाखवून हसणारे. त्या दुकानात न हसणारं तोंड एकच, उस्तादांचं.

वडिलांची कवळी पडून तुटली म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेलो. जबड्यांच्या वर भिंतीवर ताटाएवढा एक चेहरा टांगला होता. केसाळ, काळा, डोळ्यांत बारीक बारीक जाळी. मी विचारलं, "हे काय आहे?"

"मुंगी हाय. रोज पायाखाली घेता, वळखली न्हाई?"

असा आमचा परिचय झाला. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, सरकारी कचेरीत कारकून, आणि कशातच विशेष नसलेला. त्या मुंगीने मला पछाडलं. जुना कॅमेरा घेतला, भिंगामागे लावायच्या कड्या घेतल्या आणि उस्तादांच्या मागे लागलो. ते मला बाबू म्हणायचे. माया म्हणून नव्हे. कारकून म्हणून.

ज्यांना या नादाची कल्पना नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. किडा इतक्या जवळून टिपताना फोटोचा स्पष्ट भाग दोऱ्याएवढा असतो. डोळा स्पष्ट आला तर मिशी धुरकट, मिशी आली तर डोळा गेला. म्हणून कॅमेरा एका सरकत्या पट्टीवर बसवायचा, केसभर पुढे न्यायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. तीस, चाळीस, साठ. मग कॉम्प्युटरवर त्या सगळ्यांतला स्पष्ट तेवढा भाग एकावर एक रचायचा. रचाई जमली तर किडा नखशिखांत उजळतो. पण मधे त्याने मिशी हलवली की एका डोक्याला चार मिशा येतात.

थंडीच्या दिवसांत सकाळी किडे गारठून काडीला चिकटून बसतात, ऊन अंगावर आलं की उडतात. तेवढाच वेळ आपला. रविवारी उजाडताच उस्ताद मला स्कूटरवर मागे बसवून लोहा गावाच्या रस्त्याला न्यायचे. करडईच्या शेताच्या बांधावर गुडघे टेकून बसायचं. दव पँटीतून आत येतं, काटे टोचतात आणि मागून आवाज येतो,

"श्वास कोंडा, बाबू. भाता हाय का छाती?"

"वारा आहे, उस्ताद."

"वारा मलाबी हाय."

चार महिने मी हे ऐकलं. एकदा बत्तीस फोटोंची रचाई जमत आली होती, एकोणिसाव्या फोटोत माशीने मिशी पुसली. मी तोंडातून शिवी काढली. उस्ताद म्हणाले, "तिला काहून शिव्या देऊन राहिलात? तिचं तोंड हाय, ती धुणार. तुम्ही सकाळी धुता न्हाई का?" मी त्यांचा द्वेष करू लागलो. खोटं कशाला बोलू? रविवारी सकाळी त्यांचा हॉर्न वाजला की पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावंसं वाटायचं, आणि तरी मी जायचो.

एकदा मी विचारलंच. परदेशातले लोक किडा बर्फात ठेवतात, मग तो हलत नाही. आपण का नाही?

ते प्लास्टरचा जबडा घासत होते. घासणं थांबवलं नाही.

"दिवसभर लोकांच्या तोंडात खोटं बसवतो मी. सकाळचे दोन तास तरी खरं बघू द्या."

लातूरला आमच्यासारख्या हौशी लोकांचा एक गट होता. नांदेडचे काही, लातूरचे काही, दोघे-तिघे औशाचे. म्होरके एक कापडाचे व्यापारी, त्यांना सगळे अप्पा म्हणत. वर्षातून एकदा त्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं. नियम एकच: किडा जिवंत पाहिजे. आता जिवंत की मेलेला हे कागदावरून कोण ठरवणार? म्हणून प्रत्येक फोटोमागे दुसऱ्या सभासदाची साक्ष लागायची. 'किडा जिवंत होता' असं लिहून खाली सही. उस्तादांनी स्वतः न पाहिलेल्या किड्याची साक्ष कधी दिली नव्हती. अप्पांनाही नाही म्हणाले होते एकदा. अप्पा ते विसरले नव्हते.

त्या वर्षी प्रदर्शनाच्या आधी उस्तादांचा गुडघा सुजला. दोन रविवार मी एकटा गेलो. पहिल्या वेळी हात हलवत परत आलो. दुसऱ्या वेळी करडईच्या काडीवर एक गांधीलमाशी गारठून बसली होती. पिवळं तोंड, दवाने भरलेलं. मी अकरा फोटो घेतले आणि बाराव्याला ती चालायला लागली.

मी डबी काढली आणि तिला आत घेतलं.

फक्त गारठवायची होती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. घरी फ्रीजच्या बर्फाच्या खणात डबी ठेवली, आंघोळ केली, जेवलो. दुपारी डबी उघडली तेव्हा ती पाय आखडून आडवी पडली होती. मी सुईने पाय सरळ केले. काडीवर उभी राहीना, म्हणून मोहरीएवढं मेण लावलं. कवळीचा साचा करायचं गुलाबी मेण. आठवड्यापूर्वी उस्तादांच्या टेबलावरून, ते पाठमोरे असताना, मी नखाने खरवडून घेतलं होतं. म्हणजे माशी सापडायच्या आधीच माझी तयारी होती. पिचकारीने दव मारलं. जेवणाच्या टेबलावर साठ फोटो घेतले. श्वास कोंडायची गरजच पडली नाही.

फोनवर तो फोटो उस्तादांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. नखाने टकटक केलं नाही.

"जिवंत होती?"

"हाव."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "जमलं की तुम्हाला," म्हणाले, आणि कागद मागून घेऊन सही केली. न पाहिलेल्या किड्यासाठी, माझ्या एका शब्दावर.

लातूरच्या हॉलमध्ये माझी माशी तीन फूट लांब-रुंद होऊन मधोमध लागली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उस्तादांचे वीस फोटो. लोक माझ्या माशीपुढे थांबत होते. मी शर्टाची बाही नीट करत होतो. फोनवर न दिसणारं मोठ्या कागदावर दिसतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

अप्पांनी मागच्या पायाखाली बोट ठेवलं. "हे गुलाबी काय हाय हो?"

कुणीतरी मागून म्हणालं, "उस्तादाच्या दुकानातलं दिसून राहिलं." हशा पिकला.

उस्ताद लंगडत पुढे आले. भिंग लावलं. फार वेळ पाहिलं. मग भिंग खिशात ठेवून म्हणाले, "माझंच मेण हाय."

"अस्सं!" अप्पा म्हणाले. "आम्हाला सांगायचं मारू नका, अन् चेल्याला मेण पुरवायचं! मेलेल्या माशीला जिवंत म्हणून सही ठोकायची! वीस वर्षं हेच चाललंय का तुमचं? हे बाकीचे वीस तरी खरे हायत का?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. ओरडले नाहीत, बोट दाखवलं नाही. थांबले. ते थांबणं माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. मी कपात बघत राहिलो.

"सही माझी हाय," ते म्हणाले. "पुढं काय बोलायचं ते बोला."

पुढचं अप्पा भरपूर बोलले. गटातून नाव कमी केलं. मला मात्र 'नवीन माणूस, शिकवील तसं करणार' म्हणून सोडून दिलं. उस्तादांनी भिंतीवरचे वीस फोटो एकेक करून स्वतः उतरवले. मदतीला कुणी गेलं नाही. मीही नाही.

परतीच्या एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर होते. लोह्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. आम्ही दोघेच उरलो. मागे न वळता त्यांनी विचारलं,

"किती फोटो घेतले?"

"साठ."

"एकदाबी हलली न्हाई?"

"न्हाई."

"मेल्यावर कशाला हलंल."



पुढच्या आठवड्यात मी दुकानात गेलो. त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला. "दात दुखत असला तर डॉक्टरकडं जा." आणखी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तेच वाक्य, तोच दिवा. चौथ्यांदा गेलो नाही. मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही सांगून टाकतो. मुंगीचा फोटो तेवढा भिंतीवर नव्हता. तिथला चुना बाकी भिंतीपेक्षा पांढरा होता.

गेल्या थंडीत ते वारले. मला कळलं ते दुकानाच्या शटरवर 'भाड्याने देणे आहे' वाचून. करडईला ते पुन्हा कधी गेले का, हे विचारायला कुणी नव्हतं. मी जातो अजून. गारठलेली माशी दिसली की गुडघे टेकून बसतो, श्वास कोंडतो. ती मिशी पुसते, ऊन आल्यावर उडते. कॅमेरा पिशवीतच असतो.

गट चालू आहे. मी सभासद आहे, आणि हल्ली नांदेडच्या लोकांच्या फोटोंवर साक्षीची सही माझी असते. 'किडा जिवंत होता.' अप्पांचा माझ्यावर विश्वास आहे.

हे लिहिलं म्हणजे फिटलं, असं मी म्हणत नाही. लातूरच्या त्या हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, अप्पांच्या तोंडावर मला एवढं म्हणायचं आहे: माशी मी मारली, मेण मी चोरलं, उस्तादांना मी खोटं सांगितलं, त्यांचे वीसही फोटो खरे होते. ते अजून माझ्याकडे बाकी आहे.