ऑपेरा गेला पूजेला

"ने! ने!" कारेलसाहेब ओरडले, आणि गेनूने त्यांचा अख्खा ऑपेरा उचलून खांद्यावर टाकला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाहून मशिनं आली आणि ती बसवायला कारेलसाहेब. मी इरेक्शन फोरमन, म्हणजे मशिन उभं करून लेव्हलला आणणारा. साहेब मूळचे संगीतकार. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त तिथे 'दार लाव' हेही गाऊन म्हणायचं. साहेबांचा ऑपेरा त्यांच्या कम्युनिस्ट सरकारने बंद पाडला. कारण काय, तर कामगाराला तो गुणगुणता येत नाही! साहेबांची रवानगी कारखान्यात झाली.

पण गडी हट्टी. भंगारातल्या पट्ट्या आणि गिअर शेडमागे तारेला टांगून, हातोडीने वाजवत तोच ऑपेरा पुन्हा रचायला बसला. मी विचारलं तर म्हणे, "रिंग टेस्ट!" ओतीव भाग ठोकून बघतात, खणखणला तर धड, बद्द वाजला तर तडा. आता भंगाराची टेस्ट कोण करतं? पण मला माणूस आवडायचा. मी वर कळवलं नाही.

चेक भाषेत 'आनो' म्हणजे हो आणि 'ने' म्हणजे नाही. दिघीच्या गेनू हेल्परला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"सायेब, च्या?"

"आनो."

गेनू आणायचा.

"आनखी?"

"ने."

गेनू कप न्यायचा. सगळं कसं सुरळीत.

खंडेनवमीला सकाळीच चेक सरकारचा अधिकारी तपासणीला आला. टांगलेल्या भंगाराकडे बोट करून साहेबांवर खेकसला. 'हे तुझं?' एवढं मलाही कळलं. पुन्हा संगीत करताना सापडले तर साहेब थेट परत, आणि ऑपेरा कायमचा संपला. साहेब पांढरेफटक पडले.

"ने! ने!"

"न्हेतो की!" म्हणत गेनू सगळं घेऊन चालता झाला. त्या दिवशी सगळी हत्यारं जात होती तिथेच, पूजेला.

आम्ही पोचलो तोवर पट्ट्यांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या. आरती झाली. गेनू भजनी मंडळातला. त्याने टाळ ठेवून हातोडी घेतली आणि चहा नेता-आणता पाठ झालेली साहेबांचीच चाल लावली. शब्द मात्र घरचे: "तेल घाल रं, तेल घाल, मशिनबाईला तेल घाल!" मागे सगळं वर्कशॉप गाऊ लागलं.

अधिकाऱ्याला देवाधर्माचं वावडं, पण कामगार गाताहेत म्हटल्यावर थांबला. "हे काय?" त्याने मला इंग्रजीत विचारलं.

"लोकसंगीत. कामगारांचं," मी ठोकून दिलं.

त्याने खूश होऊन साहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी फर्मावलं. साहेबांनी नंतर अर्थ सांगितला: "असं लिही. लिहिशील ना?" तेव्हा मात्र साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

"आनो," ते कसेबसे म्हणाले.

गेनू धावत जाऊन चहा घेऊन आला.

पुढे तो ऑपेरा तिकडे रंगमंचावर आला. जाहिरातीत छापलं होतं, 'भारतीय कामगारांच्या लोकगीतावर आधारित'. तेव्हापासून मी नव्या पोरांना सांगत आलो, परदेशी साहेबाची भाषा जरूर शिका. फक्त पुरती शिकू नका.