फवारा चालू असताना बागेत कुणी थांबायचं?

मंडळी, पिंपळगावच्या सायबर कॅफेतून लिहितेय. घरी आज माझ्याशी कुणी बोलत नाहीये, निदान तुम्ही तरी ऐका.

सकाळी आमच्या द्राक्षबागेत पेठ तालुक्यातून मजुरीला आलेल्या बाया घडांची विरळणी करत होत्या. तेवढ्यात सासऱ्यांनी शेजारच्याच ओळीत ट्रॅक्टरनं औषध फवारायला लावलं. वारा नेमका बायांच्या अंगावर. त्यांच्यातली पोटुशी असलेली सुमन ओकायला लागली.

तिच्या जावेनं, हिराबाईनं, कात्री खाली टाकली. "फवारा बंद करा, नायतर आम्ही चाललो."

सासरे म्हणाले, "औषधाचा वास येणारच. तोंडाला पदर बांधा."

"पदरानं औषध अडतं का? मग तुमच्या सुनंला उभी करा इथं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सरळ जाऊन ट्रॅक्टरपुढं उभी राहिले. "आबा, राहिले उभी. चालू द्या फवारा."

आबांचा चेहरा लालबुंद झाला. पण ट्रॅक्टर बंद झाला.

सुमनला साबणानं अंघोळ घातली, माझी साडी नेसवली आणि जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, बाळ ठीक आहे. बाया दुपारनंतर परत बागेत आल्या, पण हिराबाईनं आबांकडून कबूल करून घेतल्यावरच: माणसं बागेत असताना फवारणी नाही.

सासूबाई म्हणतात, मी चारचौघांत घराची अब्रू घालवली. घालवली असेन. उद्या वेळ आली तर पुन्हा उभी राहीन.

तुमच्याकडे फवारणी चालू असताना बाया कुठं असतात हो? खरं सांगा.