कमरेला मावणारी दुर्बीण

रूपीला पक्षी कळतात, हे वेवजीकडच्या तिच्या पाड्यात कुणाला कौतुकाचं वाटत नव्हतं. भात पिकायला आलं की माळ्यावर बसून गोफण फिरवायची आणि पाखरं हाकलायची, यातच तिचं लहानपण गेलं. ज्याला हाकलायचं त्याच्या खोड्या माहीत असाव्याच लागतात. पुढे ती बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला जाऊ लागली. तिथे एकदा शेजारच्या निवृत्त शिक्षिका निर्मलाबाई मान वर करून शिक्रा शोधत होत्या. टोपली भरता भरता रूपी म्हणाली, "बाई, तो शिक्रा नाय. कोतवाल हाय, शिक्र्याचा आवाज काढतो नुसता." बाईंनी वर पाहिलं तर खरंच कोतवाल. त्या दिवसापासून बाईंनी तिला सोडलं नाही.

चार वर्षं रूपी बाईंच्या ओळखीने मुंबईहून येणाऱ्या हौशी लोकांना रान दाखवत होती. गंमत अशी की सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी आणि दाखवणारी मात्र नुसत्या डोळ्यांची. वय वाढलं तशी लांबची चोच तिला पुसट दिसू लागली. ती आवाजावर वेळ मारून नेई, पण मनात धाकधूक असे. शेवटी येणाऱ्यांनीच ठरवलं, रूपीताईंना दुर्बीण द्यायची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी दोन दुर्बिणी तिच्यापुढे ठेवल्या.

"दोन्ही घरी ने. आठ दिवस वापर आणि एक ठेव. दुसरी दुकानदार परत घेणार आहे."

एक इतकी लहान की मिटली की मुठीत मावावी. तिच्यावर आठ बाय एकवीस लिहिलेलं. दुसरी तळहाताहून थोडी मोठी, आठ बाय बत्तीस. बाईंनी शिक्षिकेच्या जुन्या सवयीने समजावलं, की पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ येते, आणि दुसरा म्हणजे पुढचं भिंग किती रुंद. भिंग रुंद तेवढा उजेड जास्त आत येतो. "पहाटे, झाडाखाली, फरक कळेल. नीट बघून घे, घाई करू नकोस."

रूपीने मात्र न बघताच ठरवून टाकलं होतं. लहानच घ्यायची. ती कमरेच्या गाठीत मावत होती, आणि पदर ओढला की कुणाला दिसत नव्हती.

कारण संक्रांतीनंतर पाड्याच्या शेतांत लाल रंग लावलेल्या खुंट्या उगवल्या होत्या. कशाच्या, कुणी सांगेना. कुणी म्हणे रस्ता, कुणी म्हणे धरण. तीन पायांचं यंत्र घेऊन आलेल्या मोजणीवाल्यांना रूपीचा दीर मुकेश आणि पोरांनी एकदा परत पाठवलं, तरी खुंट्या वाढतच होत्या. मग पाड्याची बैठक बसली. ज्याने मोजणीवाल्यांना वाट दाखवली असेल, त्याच्या घरी पाड्यातलं कुणी पाऊल ठेवायचं नाही, असं ठरलं. रूपीचा नवरा बाबल्या मासेमारीच्या बोटीवर खलाशी, तो पावसाळ्याच्या तोंडावर परतणार. आणि त्याआधीच, वैशाखात, तिच्या मुलीचं, दक्षाचं लग्न. लग्न लावायचं ते लाडकीकाकीने, पाड्याच्या धवलेरीने, लग्नाची गाणी गाऊन. धवलेरीनेच घरात पाऊल ठेवलं नाही तर लग्न कसलं लागायचं? अशा दिवसांत मोजणीवाल्यांच्या यंत्रासारखी काळी दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणं म्हणजे आपल्या हाताने संकट घरात घेणं. रूपी काही खुळी नव्हती.

तरी दोन्ही नीट बघेन, असा बाईंना शब्द दिला होता. म्हणून चौथ्या दिवशी तिने दोन्ही दुर्बिणी लाकडाच्या भाऱ्याच्या दोरात गुंडाळल्या आणि पहाटे डोंगर चढली. फुललेल्या सावरीवर हळद्या होता. लहान दुर्बिणीत तो पिवळा ठिपका दिसला, सावलीत गेला की काळा. मोठीत त्याच्या डोळ्याजवळची काळी पट्टीसुद्धा दिसली. रूपीला हसू आलं. एवढी वर्षं कानाने ओळखलेला पक्षी पहिल्यांदाच तिच्यासमोर तोंड धुऊन उभा होता.

तेवढ्यात समोरच्या उतारावर काही हललं. माणूस. तिने घाईने हाताशी आली ती दुर्बीण लावली. ती लहान होती. उजेड अजून नीट फुटला नव्हता, त्यात वाकलेली एक सावली दिसली, जमिनीत काही ठोकणारी. कोणीही असू शकला असता. इथेच दुर्बीण खाली ठेवून ती घरी गेली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं.

तिने मोठी लावली. माणसाने मान वर केली. तो चेहरा तिने पाहिला होता. मार्गशीर्षात दोघे तरुण आले होते. बाईंचे नव्हेत, परस्पर चौकशी करत आलेले. पक्षी मोजतो म्हणाले. दोन दिवस ती त्यांच्याबरोबर फिरली. पाहुणा दारात आला की त्याला आधी पाड्याचं पाणी पाजायचं आणि वाघदेवापाशी नेऊन नारळ ठेवायला लावायचं, ही पाड्याची रीत. रीतीप्रमाणे तिने त्यांना झरा दाखवला, वाघदेवाची आडवाट दाखवली. ते वहीत लिहीत होते. तिला वाटलं, पक्षीच लिहितायत. आता खुंट्या नेमक्या त्याच आडवाटेने वर चढल्या होत्या.

खुंट्यावाले म्हणजे रूपीचेच ते पाहुणे, हे पाड्यात कुणालाच माहीत नव्हतं, आणि सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. दिवसभर ती घरात बसून राहिली. दक्षाने दोनदा विचारलं, "आये, ताप आला काय?" रूपीला पोरीच्या तोंडाकडे बघवेना. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिने मनाशी शंभरदा म्हटलं. पण वैशाखापर्यंत खुंट्या वाघदेवाच्याही पलीकडे जाणार होत्या.

संध्याकाळी ती मुकेशच्या अंगणात गेली. लाडकीकाकी तिथेच बसली होती, आणखी पाच-सात जण होते. रूपीने दोन्ही दुर्बिणी मधे ठेवल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

मुकेश ताडकन उठला. "वैनी, तू? दादा दर्यावर, घर आम्ही राखतो, आन तू त्यांना वाघदेवापर्यंत नेलास?"

"पाहुणा समजून नेला. मला नाय कळला."

"आता कसा कळला?"

तिने मोठ्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं. "हिच्यात तोंड दिसला. दुसराही आला तर वळखेन."

लाडकीकाकीने सुपारी कातरली, तोंडात टाकली. "ठरला तो ठरला," ती म्हणाली. "पण पोरीचा काय दोष? लग्नाला मी येईन, गाईन. बाया भिंतीवर चौक लिहतील. फक्त तू त्या वेळी घरात पाय ठेवायचा नाय. तुझ्याच घरात."

"बरं," रूपी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तिने लहान दुर्बीण बोर्डीला परत दिली. बाईंनी कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "हिच्यात माणूस वळखत नाय." मोठी आता उघडी, गळ्यात. पाड्याने डोंगरावर नजर ठेवायच्या पाळ्या लावल्या होत्या, आणि त्यात रूपीच्या पाळ्या सगळ्यांत जास्त.

वैशाखात दक्षाच्या लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिला जात होता, तेव्हा मुकेशच म्हणाला, "वैनी, आजच्या दिवस मी जातो वर." तिने नकारार्थी मान हलवली आणि स्वतः चढली. खाली तिच्याच घरातून लाडकीकाकीचा आवाज येत होता, मधे बायांचा हसण्याचा गलका. रूपीने दुर्बीण समोरच्या उतारावर लावली. काही दिसेना. तिने पदराने भिंगं पुसली, पुन्हा लावली, पुन्हा पुसली. मग कळलं, भिंगं कोरडीच होती.