नावाआधीचा श्वास

आई जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत मी उभी असताना ती माझ्या पाठीमागे गायला लागली.

आवाज तिचाच. वरच्या सुराला किंचित फाटणारा, सुक्या मासळीच्या बाजारात आयुष्यभर ओरडून घोगरा झालेला. मी गर्रकन वळले. मोटारसायकलला टेकून एक गृहस्थ मोबाइल बघत होते. त्यात गॉगल लावलेल्या दोन मुली हरिहरेश्वरच्या पुळणीवर कंबर हलवत होत्या, आणि मागे माझी आई गात होती. कुणीतरी तिला ढोल जोडला होता.

‘हलद लागली लेकीला, दर्या झायला पिवला.’

ती लेक म्हणजे मी. माझ्या हळदीला आईने हे गाणं बांधलं. कागद नाही, पेन नाही. बोंबील वाळत घालता घालता ओळी जुळवल्या आणि मांडवात उभी राहून म्हटल्या. शेवटी ती स्वतःच प्रश्न टाकायची, ‘दर्या इचारतो, हलद गायली कोनी?’ मग छाती भरून श्वास घ्यायची आणि स्वतःचं नाव ठणकावून सांगायची. नावावर बायका अशा काही आरोळ्या द्यायच्या, की माझा नवरा घाबरला होता पहिल्यांदा.

मोबाइलमध्ये प्रश्न आला. श्वास आला. आणि नावाच्या जागी पुन्हा पहिली ओळ, ‘हलद लागली लेकीला.’

त्या गृहस्थांनी ते पाच-सहा वेळा तरी लावलं असेल. दर वेळी आई श्वास घ्यायची आणि मी वाट बघायची, आता घेईल नाव. आगरदांडा आलं, गाड्या सुरू झाल्या, तरी मी कठड्याला धरून उभीच. खलाशी म्हणाला, “ताई, उतरायचं न्हाय काय?”

आमच्या कोळीवाड्याची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे गाणं बांधलेल्या बाईचं असतं, तिची होडी जशी तिची. दुसरीने ते गायचं तर आधी तिच्या ओटीत पान-सुपारीचा विडा घालायचा आणि शेवटी गाण्यात तिचंच नाव घ्यायचं. ती गेलेली असेल तर विडा तिच्या फोटोपुढे ठेवून मग बंदरावर पाण्यात सोडायचा. एवढं केलं की गाणं खुशाल गावं, कुणी अडवत नाही. पण विडा चुकला, नाव गाळलं, तर गाण्याची मालकीण उंबऱ्यावर येऊन बसते म्हणतात. आत येत नाही, जातही नाही. आईलाच विचारलं होतं मी लहानपणी, “बसून करते काय ती?” आई म्हणाली, “काय करंल? वाट बघते. आपलं नाव कोन घेतंय काय.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मुरूडला सरकारी कचेरीत नोकरी करते मी, मेलेली माणसं उंबऱ्यावर बसत नाहीत हे मला कळतं. पण त्यानंतर आई कुठे भेटेल याचा नेम राहिला नाही. कचेरीत शिपायाचा फोन वाजला, आई. बर्फाच्या गाडीत आई. दवाखान्यात रांगेत बसले होते, पलीकडच्या बाईने तान्ह्या मुलाला खेळवायला मोबाइल लावला, आई! दर वेळी तोच प्रश्न, तोच श्वास, आणि नाव नाही. माझाच श्वास तिच्याबरोबर आत जायचा आणि तिथेच अडकायचा. नवरा म्हणाला, “अगं, तिचा आवाज जगभर गेला, बरं वाटायला हवं तुला.” त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे गेलं कसं बाहेर? माहेरी जाऊन विचारलं, तर वहिनी पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. तिच्या धाकट्या बहिणीच्या हळदीला आई गायली होती, ते वहिनीने मोबाइलवर घेतलं होतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिला आईची फार आठवण झाली, म्हणून तिने ते स्टेटसला ठेवलं. आणि ठेवण्याआधी त्या बापडीने काय केलं असेल? ओट्यावर मोबाइल उभा केला, आईच्या फोटोपुढे एक विडा ठेवला, मोबाइलपुढे एक ठेवला, नमस्कार केला आणि मग बटण दाबलं. संध्याकाळी दोन्ही विडे बंदरावर सोडून आली. तिच्या हिशेबाने रीत पुरी झाली होती.

“मी इडा ठेवला व्हता वो वन्स,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “माज्या आईची शपत, ठेवला व्हता.”

तिने ठेवला होता. पण ज्या शेकडो लोकांनी ते बघितलं, त्यांच्यातल्या कुणाला विडा माहीत होता? स्टेटस दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं. वहिनीचा तो मोबाइल पुढे होडीतून उतरताना खाडीत पडला आणि कायमचा मुका झाला. मधल्या त्या एका दिवसात उरणच्या एका गाणी बनवणाऱ्याने ते उतरवून घेतलं होतं. त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर गाण्याखाली लिहिलं होतं, ‘पारंपरिक’.

पारंपरिक! म्हणजे कुणाचंच नाही. म्हणजे माझी आई जन्मलीच नव्हती.

आणि वहिनीने दुपारची दारं उघडी टाकायला सुरुवात केली होती. जेवताना तिचं लक्ष उंबऱ्याकडे. भाऊ ओरडला, तर म्हणाली, “आत्याबाय बसल्यात. दार कसं लावू तेंच्या तोंडावर?” भावाने माझ्याकडे बघितलं. मी उठून दार लावायला गेले खरी, पण कडीला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

त्याच आठवड्यात रजा टाकून उरण गाठलं. रागाने माझं डोकं फुटायचं बाकी होतं. रस्ताभर कंटेनरचे ट्रेलर, धूळ, आणि त्या धुळीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याची खोली. भिंतींना स्पंज लावलेला, दोन स्क्रीन. माणूस तिशीतला, अंगठ्या घातलेला. वाटलं होतं भांडखोर निघेल. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. तेच जड गेलं मला.

“ताई, पारंपरिक लिहिलं कारण कोळीगीत सगळ्यांचंच असतं ना. आपलं कल्चर आहे.”

“मासळी दर्याची असते,” मी म्हटलं, “म्हणून माझ्या टोपलीतलं पापलेट उचलशील काय रे? जाळं टाकलं कुणी? कुणाला विचारलंस तू?”

तो म्हणाला, “विचारणार कुणाला? नावच माहीत नव्हतं.”

“तिने स्वतः सांगितलं होतं नाव! स्वतःच्या तोंडाने! तू कापलंस ते.”

तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरोखर काहीतरी झालं. म्हणाला, “ताई, नाव घेतलं की लूप बसत नव्हता. सॉरी. खरंच सॉरी.”

“मग दे मला ते. तेवढंच दे. बाकी काही नको.”

त्याने शोधलं. हार्ड डिस्कचा एक डबा, दुसरा डबा, जुन्या फायली. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून स्क्रीनवर आईच्या आवाजाची ती वाकडीतिकडी रेघ बघत होते. शेवटी त्याने हात मांडीवर ठेवले. “ओरिजनल मी ठेवलंच नाही, ताई. जागा करायला डिलीट मारतो आम्ही. कापलेला भाग कुठेच नाही.”

म्हणजे आईने स्वतःचं नाव घेतलेलं जगात कुठेच उरलं नव्हतं. फक्त त्याआधीचा श्वास उरला होता. मी त्या परक्या माणसाच्या खोलीत रडले. लाज वाटली नाही.

बिचाऱ्याला काय करावं सुचेना. मग तो चाचरत म्हणाला, “ताई, राग मानू नका. तुमचा आवाज सेम टू सेम आहे त्यांच्यासारखा. तुम्ही बोला ना नाव. मी जोडतो, कुणाला कळणार पण नाय.”

त्याने माइक पुढे सरकवला. खोटं कशाला बोलू, मी वाकले. तोंड उघडलं. एवढंसं तर नाव. वहिनीला दार लावता आलं असतं, मला झोप लागली असती. पण मग जो ऐकेल त्याला वाटलं असतं की हे तीच म्हणाली. तिने न म्हटलेलं तिच्या तोंडात घालायचं, म्हणजे याने कापलं आणि मी चिकटवलं, फरक काय राहिला?

“नको,” मी म्हटलं. “खाली लिही. गाणं कुणी बांधलं, कुणी गायलं, पूर्ण नाव. आणि त्या श्वासानंतर लगेच पहिली ओळ आणू नकोस. नाव मावेल एवढी जागा मोकळी ठेव.”

त्याने माझ्यादेखत केलं. ढोल थांबवला, जागा सोडली, नाव लिहिलं, जुनं काढून टाकलं. मला विचारून विचारून केलं. त्यानंतर भाचीच्या हळदीला वहिनीने विडा ठेवून तेच लावलं. प्रश्न आला, श्वास आला, आणि मोकळ्या जागेत अख्ख्या मांडवाने नाव घेतलं. वहिनी सगळ्यात मोठ्याने ओरडली. दुसऱ्या दुपारी तिने दार लावून घेतलं.

मी ते नाव इथे लिहीत नाही. ते विडा ठेवून तोंडाने घ्यायचं नाव आहे.

इथेच संपलं असतं तर बरं होतं. पण त्याने त्याचं जुनं काढलं. लोकांनी उतरवून घेतलेलं कोण काढणार? मोकळ्या जागेचं फार कुणी लावत नाही, मध्येच गाणं थांबतं म्हणे. परवा फेरीबोटीत पुन्हा आई. एक शाळकरी मुलगी, कानाशी फोन. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ‘दर्या इचारतो, हलद गायली कोनी?’ आईने श्वास घेतला, मीही घेतला, आणि जमेल तेवढ्या घाईने नाव घेतलं. अर्धंच झालं. तोवर आई पुन्हा पहिल्या ओळीवर गेली होती.